त्या फॉर्मवरचं माझं ‘नाही’

मंगल,

तू कशानं गेलीस याची आपल्या घरात सध्या तीन उत्तरं आहेत. पुरुषमंडळी भेटायला आली की तुझे हे, म्हणजे भाऊ, सांगतात, मेंदूज्वर झाला. बायका आल्या की नणंदबाई सांगतात, तोंडाचा जुना आजार होता ना, तोच शेवटी अंगात भिनला. आणि फुलबाजारातली माणसं आली की आमचे हे नुसते दोन्ही हात वर करतात, देवाची मर्जी. मी चहाचा ट्रे घेऊन आत-बाहेर करते आणि तिन्ही उत्तरं ऐकते. तू असतीस तर ओट्यापाशी माझ्या बरगडीत कोपर मारून म्हणाली असतीस, “लते, लक्षात ठेव गं, कुणाला काय सांगितलंय ते. नाहीतर पंचाईत व्हायची.”

चौथं उत्तर मला माहीत आहे. ते तुझ्याशिवाय कुणाशी बोलायची सवय नाही, म्हणून तुलाच लिहिते. तू वाचणार नाहीस हे कळतं मला. बारावी पास आहे मी, तू टोमणा मारायचीस तशी.

मी लग्न होऊन मखमलाबाद रोडवरच्या मळ्यात आले तेव्हा तू दोन वर्षांची जुनी सून होतीस आणि सोनाली तुझ्या कडेवर होती. निघताना आईनं मला बजावलं होतं, “जावा जावा, उभा दावा. थोरलीपासून सांभाळून राहा.” मी सांभाळूनच होते. पहिले सहा महिने तोंडानं तुला ‘अहो ताई’ म्हणायचे आणि मनातून तुझा रागराग करायचे. कारण काय, तर अंडं. आपलं घर माळकरी, स्वयंपाकघरात अंड्याचं नाव काढायची सोय नाही. आणि सासूबाई रोज सकाळी फुलं तोडून झाली की तुला मोटारीच्या खोलीमागे बोलवायच्या आणि पदराखालून उकडलेलं अंडं काढून तुझ्या हातावर ठेवायच्या. मी निशिगंधाच्या वाफ्यातून ते पाहिलं आणि समजले, इथं लाडकी कोण आणि नावडती कोण हे ठरलेलं आहे. एकदा न राहवून मी विचारलंच, “मला नाही का अंडं?” तर म्हणाल्या, “तू म्हशीवानी धडधाकट हायेस. थोरलीला अशक्तपणा हाय.” त्या म्हशीवरून मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी तू तुझ्यातलं अर्धं अंडं मीठ लावून माझ्यासाठी पानात गुंडाळून आणलंस. तिथून पुढे चारचौघांत ‘तुम्ही’ आणि मळ्यात दोघीच असलो की ‘तू’.

सोनाली पहिलीत गेली त्या वर्षी तुझ्या तोंडात पहिला फोड आला. तोंड कुणाला येत नाही? सासूबाईंनी निदान केलं, उष्णता. तुझं अंडं त्याच दिवशी बंद झालं. आपल्याच गुलाबाचा गुलकंद, भिजवलेला सब्जा, धण्याजिऱ्याचं पाणी. फोड गेला, पंधरा दिवसांनी दुसरा आला. मग एक बरा व्हायच्या आत आणखी दोन. वाटाण्याएवढे, मध्ये पांढरे, कडेनं लाल. जिभेच्या खाली, गालाच्या आत, घशाच्या तोंडाशी. तू भाकरी दुधात इतकी भिजवायचीस की ती प्यायची वस्तू व्हायची. आपण दोघी हार ओवायला बसायचो आणि बोलायची माझी पाळी असायची, कारण तुला जीभ हलवली तरी कळ जायची. मग तू बांगडी फुलांच्या पाटीवर वाजवायला लागलीस. एकदा वाजली की हो, दोनदा वाजली की नाही. मी बडबड करायची आणि तू वाजवायचीस. नणंदबाईंची उणीदुणी काढताना तू जेवढ्या वेळा ‘हो’ वाजवलंस तेवढ्या वेळा त्यांच्या नवऱ्यानंसुद्धा म्हटलं नसेल.

तसेच फोड खालीही येत होते, हे तू फक्त मला सांगितलंस. पंचवटीतल्या एका डॉक्टरांना धीर करून दाखवलंस, तर ते म्हणाले नवऱ्यालाही घेऊन या, दोघांची तपासणी लागेल. त्याचा अर्थ काय होतो ते तुला कळलं. भाऊंसारखा सरळ माणूस, आणि तू. घरी येऊन दोन दिवस तू कुणाशी बोलली नाहीस, आणि सगळ्यांना वाटलं तोंड आलंय. तोंड आलेल्या बाईला गप्प बसायला कारण लागत नाही, एवढाच त्या आजाराचा फायदा.

असं किती वर्षं चाललं! दात काढून झाले, पोटाच्या गोळ्या झाल्या, नवस झाले. डोळे लाल व्हायला लागले तेव्हा कुठं एका डोळ्याच्या डॉक्टरांनी ओळखलं आणि आपल्याला गंगापूर रोडवरच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तोंड पाहिलं, डोळे पाहिले, मग भाऊंना बाहेर पाठवून तुला हळूच विचारलं, “असे फोड आणखी कुठे येतात का?” तू रडायला लागलीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका डॉक्टरनं तुला संशयानं न बघता ते विचारलं होतं. आजाराला कुठल्याशा परदेशी डॉक्टरचं आडनाव होतं. सासूबाईंना ते शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. डॉक्टर म्हणाले, शरीराची जी ताकद रोगाशी लढायला दिलेली असते तीच उलटून आपल्या अंगावर आलीये, बाई, यात तुमचा काही दोष नाही. रिक्षात तू ते वाक्य मला तीन वेळा म्हणायला लावलंस.

मग गोळ्या. स्टिरॉइडनं तुझा चेहरा गोल गरगरीत झाला आणि बाजारात बायका म्हणायला लागल्या, “थोरलीची तब्येत सुधारली हो.” गोळी कमी केली की फोड हजर. दुसरी दिली, तिसरी दिली. एकीनं पोट बिघडलं, एकीनं केस गेले. फोड मात्र होते तिथेच. एकदा तर सोनालीच्या दहावीच्या निकालाचा पेढा तू हातात धरून बसलीस आणि शेवटी माझ्या तोंडात घातलास.

आता ती गोष्ट लिहिते, जिच्यासाठी लिहायला बसले.

माझ्या दुसऱ्या मुलीनंतर तू मला तांबी बसवून आणलीस. घरी सांगितलं, काळारामाला चाललोय. सासूबाई नातवाची वाट बघत होत्या, आमचे हेही बघत होते, आणि माझ्या अंगात तिसऱ्या बाळंतपणाची ताकद नव्हती. दवाखान्यातून निघालो. तू खरंच देवळात नेलंस, प्रसाद घेतलास, म्हणालीस, “आता आपण खोटं नाही बोललो.” मग पायऱ्यांवर बसून, मला बरं वाटावं म्हणून असेल, तू तुझं गुपित मला दिलंस. चौदाव्या वर्षी तुला टीबी झाला होता. मामाच्या गावी नेऊन ठेवलं, गावात सांगितलं टायफॉईड. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची, शेजारणीला संशय आला, तशा पाचव्या महिन्यात गोळ्या बंद केल्या. “बरी झाले होते गं, खोकला नव्हता काही.” सोयरीक ठरताना सासऱ्यांनी विचारलं होतं, घराण्यात टीबी, कोड असलं काही नाही ना? तुझ्या वडिलांनी देवापुढे हात ठेवून नाही म्हटलं. “हे बाहेर आलं ना लते, तर मला फसवून दिली म्हणतील. माझ्या बापाला मेल्यावर खोटा पाडतील.”

मी म्हटलं, मी कशाला सांगते? माझी तांबी तुझ्यापाशी आणि तुझा टीबी माझ्यापाशी. आपण हसलोसुद्धा.

किती वर्षांनी तो दिवस आला. डॉक्टर म्हणाले, एक नवीन औषध आहे, शिरेतून द्यायचं. गोळ्यांना दाद न देणारे फोड यानं भरून येतात. दोन आठवड्यांनी, मग महिन्याने, मग दर दोन महिन्यांनी सलाईनमधून घ्यायचं. परवडण्यासारखं नव्हतं, पण भाऊंनी विचार न करता रस्त्याकडेचा गुलाबाचा तुकडा विकायला काढला. डॉक्टर म्हणाले, एकच धोका नीट समजून घ्या. हे औषध शरीराची ताकद दाबतं, म्हणून फोड जातात. पण पूर्वी कधी टीबी झाला असेल तर तो आत झोपलेला असतो, आणि त्याला दाबून ठेवणारी हीच ताकद असते. ती काढली की तो उठतो.

मी तो शब्द ऐकला आणि मला काळारामाच्या पायऱ्या आठवल्या.

त्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. मधे तू, उजवीकडे सासूबाई, डावीकडे मी. भाऊ दाराशी उभे. डॉक्टरांनी तुझा छातीचा एक्स-रे उजेडावर लावला आणि पेनानं वरच्या बाजूला दाखवलं. “इथे जुना डाग दिसतोय. हातावरची टीबीची टेस्ट निगेटिव्ह आहे, पण इतकी वर्षं स्टिरॉइड घेतल्यावर ती खोटीही येते. म्हणून तोंडी विचारतोय. लहानपणी काही झालं होतं?”

तू म्हणालीस, “न्यूमोनिया झाल्ता म्हणे.”

“टीबी नाही ना? घरात कुणाला?”

त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. भाऊ म्हणाले, “नाही हो डॉक्टर, असलं काही नाही आमच्याकडे.” मग फॉर्म आला. घरात लिहिणारी मी, म्हणून फॉर्म माझ्यापुढे. नाव, वय, वजन. मग तो प्रश्न. पेन त्या रकान्यावर थांबलं आणि मी तुझ्याकडे पाहिलं. तू समोर भिंतीकडे बघत होतीस. तुझी बांगडी खुर्चीच्या हातावर वाजली. एकदा. आणि लगेच पुन्हा एकदा.

मी ‘नाही’ लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

औषध बर्फाच्या डब्यातून आलं. ते थंडच ठेवावं लागतं, हे नर्सनं सांगितलं तेव्हा सासूबाईंचा चेहरा उजळला. “बघा, म्या म्हणतच व्हते. उष्णतेवर थंडच पायजे.” घरी येऊन शेजारणीलाही सांगितलं, “लय भारी गुलकंद निघालाय, शिरेतून देत्यात.” तू पलंगावर पडल्या पडल्या हसलीस आणि हसताना गाल दुखला म्हणून शिवी दिलीस. पंधरा दिवसांत फोड सुकले. दुसरं सलाईन झालं आणि तुझ्या तोंडात एकही नव्हता. मला आरशापाशी बोलावून तू ‘आ’ केलंस. गुलाबी, साफ, लहान मुलाच्या तोंडासारखं. खालचेही गेले होते. मी तुला मिठी मारली आणि त्या दिवशी मला खरंच वाटलं, सुटलो.

तू मला न सांगता मिसळ खायला नेलंस. रस्सा लाल, वर तर्री, आणि तू वाटी उचलून तोंडाला लावलीस. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. “झोंबतंय का गं?” मी घाबरून विचारलं. तू म्हणालीस, “झोंबतंय. पण दुखत नाय.” तुझं ते तोंड मला रोज दिसतं. त्याबद्दल मी त्या औषधाची आजही ऋणी आहे, मंगल, कुणी काही म्हणो. तुला ते आठ महिने मिळाले. हिरव्या मिरचीचा ठेचा, करकरीत भाकरी, कैरी. कधी नव्हे ती तू गाणी म्हणत फुलं तोडायचीस, बेसूर.

पण मला झोप नव्हती. मी शेवंतीच्या वाफ्यात तुला गाठून म्हटलं, “आपण एकट्यात सांगू या डॉक्टरांना. टीबीच्या गोळ्या आधी देतील, ह्याच्याबरोबर देतील, काहीतरी करतील. ते काय घरी येऊन सांगणारेत?”

“आणि त्यांनी ह्यांना बोलावून घेतलं म्हंजे? सलाईन थांबवलं म्हंजे? बारा वर्षांनी मी भाकरी चावून खातेय लते. ते बंद करायला सांगतेस?”

“जिवाशी खेळ आहे, मंगल.”

“विंचूरची माणसं सोनालीला बघून गेलीत. आई टीबीची म्हटल्यावर परत उंबरा चढतील का? का तू ठेवून घेतेस तिला?” आणि मग, फुलं तोडता तोडता, माझ्याकडे न बघता, “तुझी तांबी मी सांगितली का कुणाला?”

ती तांबी कधीच काढून झाली होती. पण त्या वाक्यानं माझं तोंड बंद झालं. मी पाटी उचलली आणि दुसऱ्या वाफ्यात गेले. आपण चार दिवस बोललो नाही. ते भांडण तसंच राहिलंय. मला तेव्हा सुचलं नाही ते उत्तर आता सुचतं: सांग की माझी तांबी. ओरडून सांग सासूबाईंना. मला शिव्या बसतील, माहेरी पाठवतील, फार तर काय होईल? एवढंच तर बोलायचं होतं. आणि मी पाटी उचलून गेले.

मग संध्याकाळचा ताप यायला लागला. तू म्हणालीस, उन्हाचा. ब्लाउज ढिले झाले, तू ते गुपचूप आत घेतलेस. दर सलाईनच्या आधी नर्स ताप बघायची, ताप असला तर सलाईन मिळायचं नाही. शेवटच्या वेळी अशोक स्तंभापाशी सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तू पिशवीतून तापाची गोळी काढलीस. माझ्याकडे बघितलंस. पाण्याची बाटली माझ्या मांडीवर होती.

मी झाकण उघडून दिलं.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत ताप उतरला होता. नर्स म्हणाली, नॉर्मल. डॉक्टरांनी विचारलं, खोकला, ताप, वजन? तू म्हणालीस, काही नाही, मस्त आहे. मी खिडकीतून गंगापूर रोडवरची वाहनं मोजत बसले. मला तुझा राग येत होता आणि तुझ्या तोंडात पुन्हा फोड नकोत असंही वाटत होतं. दोन्ही एकदम. बाहेर पडायला कुठूनच वाट दिसत नव्हती, तुलाही आणि मलाही.

तीन आठवड्यांनी डोकं दुखायला लागलं. मग उलट्या. मग एका सकाळी तू मला ‘आई’ म्हणून हाक मारलीस. तुला भरती केलं, पाठीतून पाणी काढलं. तुझ्या बांगड्या नर्सनं काढून माझ्या हातात दिल्या. दुसऱ्या दिवशी थोडी शुद्ध होती तुला. खोलीत आपण दोघीच. मी कानाशी वाकून विचारलं, “मंगल, सांगू का डॉक्टरांना?” हातात बांगडी नव्हती. तुझं बोट पलंगाच्या लोखंडी कडेवर हललं. वाजलं. पण एकदा वाजलं की दोनदा, ते मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. मी ‘एकदा’ असं धरलं आणि धावत गेले.

डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. “कधी?” चौदाव्या वर्षी. “किती महिने गोळ्या?” पाच. त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणाले, टीबीचीच शंका होती, गोळ्या कालच सुरू केल्यात. मग थोड्या वेळानं, “फॉर्म कुणी भरला होता?” मी म्हटलं, मी. त्यांनी मान हलवली आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवला. त्यांनी मला एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

तू आणखी सतरा दिवस होतीस. शेवटपर्यंत तुझ्या तोंडात एकही फोड आला नाही. शेवटचं पाणी मी पाजलं तेव्हा पाहिलं मी.

तुला जाऊन पाच दिवस झाले तेव्हाची गोष्ट. मी जेवत नव्हते. सासूबाईंनी सकाळी मला मोटारीच्या खोलीमागे बोलावलं आणि पदराखालून उकडलेलं अंडं काढलं. सुतकात, माळकरी घरात! मी बघतच राहिले. म्हणाल्या, “खा. नायतर तू बी जाशील.” मी हातात घेतलं आणि मला हुंदका आला. त्या खाली बसल्या, मातीतच.

“थोरलीला अंडी कशापायी चारत व्हते गं मी?”

मी म्हटलं, अशक्तपणा होता म्हणून.

“कशाचा अशक्तपणा?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “लग्नाच्या सालातच कळलं व्हतं मला. तिच्या मामाच्या गावची बाई बाजारात भेटली, तिनं समदं सांगितलं. म्या घरी येऊन नाय बोलले. मालकांनी तिला त्याच दिशी माहेरी धाडली आसती. पोरगी लय गुणाची व्हती. म्हटलं, खाऊपिऊ घालू, व्हईल बरी.”

“आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा?”

“तवा म्या तिथंच बसले व्हते की. पर म्हटलं, लई जुनी गोष्ट, बरी झालेली. पोराम्होरं सुनेची झाकली मूठ आपन कशाला उघडायची? तिला काय वाटंल? तिला वाटतंय मला म्हाईत नाय…”

मंगल, तीन खुर्च्या होत्या त्या खोलीत, आणि तिन्ही बायकांना माहीत होतं. तू सासूबाईंना कळू नये म्हणून गप्प. सासूबाई तुला लाज वाटू नये म्हणून गप्प. मी तुला शब्द दिला म्हणून गप्प. फोड एकटीच्या तोंडात होते आणि तोंड कुणीच उघडलं नाही. ज्या बाईला तू वीस वर्षं घाबरलीस ती तुला रोज अंडं देत होती आणि तुला कळलं नाही. मलाही नाही. मी म्हशीवरून रुसून बसले होते.

मला त्यांचा संताप आला. मग माझा आला. मग तुझा, सगळ्यात जास्त तुझाच, कारण भांडायला तू नाहीस. मग आम्ही दोघींनी ते अंडं अर्धं अर्धं खाल्लं.

विंचूरची माणसं तुझ्या दहाव्याला येऊन गेली. चांगली वाटली मला. मुलगा खाली मान घालून बसला होता. त्यांना भाऊंनी मेंदूज्वर सांगितलं. लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असं चाललंय. डॉक्टरांनी मात्र निघताना बजावलं होतं, घरातल्या सगळ्यांची छाती तपासून घ्या, मुलीची आधी. भाऊ पंधरा दिवस आज-उद्या करत राहिले. त्यांना दोष देत नाही मी. त्यांना तर आता कळतंय सगळं, बायको गेल्यावर. शेवटी काल मी, सोनाली आणि सासूबाई अशा तिघी गेलो. निघताना भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, “खोकल्यासाठी आलोय म्हणा. पोरीचं बघायचंय.”

बाकावर गर्दी होती. समोरच फुलबाजारातली ती हारवाली बसली होती, जिला तू आकाशवाणी म्हणायचीस. तिनं आम्हाला पाहून डोळ्यांना पदर लावला आणि कान टवकारले. फॉर्म आला, माझ्यापुढेच आला. नाव: सोनाली. वय. शिक्षण. मग, घरात कुणाला क्षयरोग होता किंवा आहे काय? पेन थांबलं. सोनाली माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिला सगळं मी आदल्याच दिवशी सांगितलं होतं, तापाच्या गोळीचं सोडून. तिनं माझा हात घट्ट धरला. कशासाठी, थांबवायला की धीर द्यायला, मी विचारलं नाही. या वेळी मी कुणाकडे बघणार नव्हते.

मी लिहिलं.

सासूबाईंना वाचता येत नाही. त्या वाकून म्हणाल्या, “काय लिवलं?”

“होय लिहिलंय.”

“मोठ्यानं वाच.”

मी समोरच्या बाकाकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत हे पंचवटीत पोचणार होतं आणि उद्यापर्यंत विंचूरला. तू असतीस तर तुझी बांगडी दोनदा वाजली असती, मला माहीत आहे. चिड माझ्यावर. मी वाचलं, “घरात कुणाला क्षयरोग? होय. कुणाला? आईला.”

हारवालीचा पदर डोळ्यांवरून खाली आला.

“आनखी मोठ्यानं,” सासूबाई म्हणाल्या. “थोरलीला ऐकू गेलं पायजे.”

मी परत वाचलं.